गोळी चालू आहे, म्हणून खोकला सोडू नका



आमच्या शाखेतला एक असिस्टंट लोको पायलट सहा वर्षे एचआयव्हीची औषधे घेतो आहे. एक दिवस चुकवत नाही. एका पावसाळ्यात त्याला खोकला लागला, संध्याकाळी अंगात कसकस येऊ लागली. मीच त्याला म्हणालो, "अरे, तुझी गोळी चालू आहे ना? रनिंग रूमचा ओलावा बाधला असेल." दोन महिने गेले. वजन उतरले तेव्हा तपासणी झाली आणि टीबी निघाला. सल्ला माझा होता, म्हणून हे लिहितो आहे.

एआरटीच्या औषधांनी टीबीचा धोका निम्म्याहून अधिक घटतो, हे खरे. पण तो इतरांपेक्षा जास्तच राहतो. उपचाराच्या पहिल्या महिन्यांत तर फारच. एचआयव्ही असलेल्यांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण आजही टीबीच आहे. इतरांनी खोकला दोन आठवडे टिकला तर तपासावे. यांनी पहिल्याच दिवशी. ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे, यांपैकी एक असले तरी पुरे. टीबी नसल्याची खात्री करून एआरटी केंद्रात प्रतिबंधासाठी आयसोनियाझिड फुकट मिळते. ते मागून घ्या.

आमचा साथी गप्प का राहिला? डी-कॅटेगराईज होऊन रनिंग अलाउन्स जाईल ही भीती. म्हणून टीबीसाठी तो खासगी डॉक्टरकडे गेला आणि एआरटीचे सांगितलेच नाही. हे फार घातक. रिफाम्पिसिनमुळे डोल्युटेग्राव्हिरचा असर कमी होतो, म्हणून ती दिवसातून दोनदा द्यावी लागते. डॉक्टरला माहीतच नसेल तर तो वाढवणार कशी?

डॉक्टरला सांगा, साहेबाला सांगण्याची सक्ती नाही. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. न्यायालयाचा आदेश सोडला तर संमतीशिवाय ही माहिती उघड करायला कुणी भाग पाडू शकत नाही; नोकरीत भेदभावाला बंदी आहे; शंभर किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमावाच लागतो. आपल्यापैकी किती जणांना त्याचे नाव माहीत आहे? मला नव्हते. सचिव असून!

पुढच्या बैठकीत मी हे नाव लेखी मागणार आहे. शिवाय रनिंग रूमच्या खिळे मारून बंद केलेल्या खिडक्या उघडण्याची मागणी. आरएमएसच्या बंधूंनी आपल्या सॉर्टिंग हॉलच्याही पाहाव्यात.