आकाशातील अंतर आणि घरापर्यंतचे अंतर

परभणीहून मुंबई किती दूर आहे, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. नकाशावर सरळ रेघ ओढली, तर अंतर सुमारे ४१० किलोमीटर भरते. आगगाडीला मात्र सुमारे ५५० किलोमीटर धावावे लागते. कारण ती जालना, छत्रपती संभाजीनगर असे करीत आधी वायव्येस मनमाडला जाते आणि मग नाशिकवरून कसाऱ्याचा घाट उतरते. पक्ष्याला घाट आडवा येत नाही, रुळांना येतो.

दोन्ही शहरे जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. रेखांशांत सुमारे चार अंशांचा फरक आहे, म्हणून परभणीचा मध्यान्ह मुंबईस सोळा मिनिटांनी होतो. सूर्याच्या या चालीशी बरोबरी करायची, तर ताशी दीड हजार किलोमीटरांहून अधिक वेग हवा. प्रवासी विमान ताशी साडेआठशे-नऊशेच्या पुढे सहसा जात नाही. तरी तोही वेग थोडा नव्हे.

मग विमानाने मुंबई तासाभरावर आली, असे म्हणावे काय? हे अर्धेच सत्य होय. जवळचा विमानतळ नांदेडला. नांदेड पूर्वेस, मुंबई पश्चिमेस. म्हणजे मुंबईस निघालेल्या परभणीकराने प्रथम साठ-सत्तर किलोमीटर उलट दिशेस जावयाचे, आणि तेही विमान सुटण्याच्या बरेच आधी.

न्यूयॉर्क ते मुंबई हे अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. पश्चिमेकडील वाऱ्यांचे पाठबळ मिळाल्याने विमान ते चौदा-पंधरा तासांत तोडते. जाताना तेच वारे समोरून येतात आणि वेळ अधिक लागतो. समजा, जिंतूर तालुक्यातील एखाद्या खेड्यात आई आजारी आहे आणि मुलगा अमेरिकेहून धावत येत आहे. अर्धी पृथ्वी ओलांडून तो सकाळी मुंबईस उतरतो, रात्रीच्या गाडीची वाट पाहतो, सुमारे दहा तास गाडीत बसतो आणि मग एस. टी. शोधतो. पहिल्या साडेबारा हजार किलोमीटरांहून शेवटच्या काही शेकड्यांनाच अधिक वेळ लागतो. त्या माउलीला दूर वाटते ती मुंबई!

प्रत्येक जिल्ह्यास विमानतळ द्यावा, असे कोणी म्हणेल. परंतु रोज विमान येणार नसेल, तर धावपट्टी म्हणजे नुसता लांबरुंद रस्ता. वेळ वाचतो तो मुख्यतः एक वाहन दुसऱ्यास वेळेवर भेटल्याने. पूर्वी परभणीचा लोहमार्ग मीटरगेज होता. मुंबईकडे जाणाऱ्यांना मनमाडला सामानसुमान उतरवून दुसरी गाडी गाठावी लागे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात रूळ रुंद झाले आणि ती उतरचढ संपली.

आजही असे पुष्कळ करण्याजोगे आहे, आणि त्यास धावपट्टीइतका खर्चही नाही. मध्यरात्रीनंतर गाडीतून उतरलेला जिंतूरचा किंवा पाथरीचा प्रवासी पहिली एस. टी. सुटेपर्यंत पेटीवर डोके टेकून फलाटावर पडून राहतो. त्याचे ते तास कोणत्याही वेळापत्रकात छापलेले नसतात.