शहाण्याने ही पायरी चढावी

पत्र आलं ते माझ्या जुन्या पत्त्यावर. तिथल्या रूममेटने व्हॉट्सॲपवर फोटो टाकला, "तुझ्या नावाचं काहीतरी सरकारी आलंय." जे राज्य सोडून मला दीड वर्ष झालं होतं, त्याच्या करखात्याने माझ्याकडे ४,३१८ डॉलर आयकर मागितला होता. व्याज वेगळं. हरकत घ्यायला पत्राच्या तारखेपासून ६० दिवस. त्यातले २३ लेटरबॉक्समध्येच संपले होते.

अमेरिकेतला आयकर दोन मजली असतो. खालचा मजला केंद्राचा, वरचा राज्याचा. टेक्साससारख्या काही राज्यांत वरचा मजलाच नाही. मी १२ एप्रिलला उत्तरेतल्या एका राज्यातून कंपनीच्या डॅलसजवळच्या ऑफिसात बदलून आलो. त्या वर्षीचं विवरणपत्र वर्षाच्या काही भागापुरता रहिवासी म्हणून भरलं, नव्या पत्त्यासकट. एप्रिलपर्यंतचा पगार दाखवला, त्यावरचा कर दिला. पण कंपनीच्या पेरोलने डब्ल्यू-टू फॉर्मच्या १६व्या रकान्यात त्या राज्यापुढे अख्ख्या वर्षाचा पगार छापला होता. १७व्या रकान्यात कापलेला कर मात्र एप्रिलपर्यंतचाच. संगणकाने दोन आकडे ताडले, फरक काढला आणि बिल धाडलं. एप्रिलनंतर याचा कर कापलाच का गेला नाही, हा प्रश्न एकाही माणसाला पडला नाही. कारण ते बिल बहुधा एकाही माणसाने पाहिलं नव्हतं.

आमच्या ग्रुपमधल्या एका दादाने लगेच सल्ला दिला, "भरून टाक रे. ग्रीन कार्डच्या रांगेत आहेस, नसती लफडी कशाला? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये."

माझं भांडण करखात्याशी आहेच. पण त्याहून मोठं भांडण या म्हणीशी आहे.

कारण इथे कोर्ट नव्हतंच. होतं एक पत्र, ज्याला मुदतीत उत्तर द्यायचं होतं. दिलं नाही तर चुकीचं बिलसुद्धा कायद्याने पक्कं होतं. गप्प बसणं हा शहाणपणा नाही, ती सही आहे.

मी फोन केला. ५० मिनिटं संगीत ऐकल्यावर बाई म्हणाल्या, "तुमची कंपनी तसं सांगते." कंपनीच्या पेरोलने माझं तिकीट दोनदा 'सोडवलं' म्हणून बंद केलं. पुरावा मीच द्यायचा होता. नव्या राज्यात आयकरच नाही, म्हणजे तिथे कर भरल्याचा कागदही नाही. गंमत अशी की एच-वन-बीवाल्याने घर बदललं की १० दिवसांत केंद्राला कळवावं लागतं. दुसऱ्या शहरात काम सुरू करायचं तर कंपनीला आधी सुधारित अर्ज करावा लागतो. माझ्याइतका तारीखवार नोंदलेला माणूस या देशात क्वचितच सापडेल. तरी मी कुठे राहत होतो हे सिद्ध करायला मी विजेचं बिल शोधत होतो.

यावर एक उत्तर आहे आणि ते खोटं नाही. बडे लोक कर चुकवायला कागदोपत्री फ्लोरिडाला राहायला जातात आणि दिवस घालवतात न्यूयॉर्कला. कोण कुठे राहिला याचे कागद त्याच्याच कपाटात असतात, मग सिद्ध त्यानेच करावं. मान्य. पण मग आधी प्रश्न विचारा आणि नंतर बिल पाठवा. "आकडे जुळत नाहीत, कारण सांगा" एवढं एक पत्र पुरलं असतं. पगारदाराला थेट बिल धाडायचं आणि घाबरून भरलं तर ठेवून घ्यायचं, याला वसुली म्हणतात, न्याय नव्हे.

गिल्बर्ट हायट नावाचे संशोधक आहेत. १९९१ साली आपण कॅलिफोर्निया सोडून नेवाडात राहायला गेलो, असं त्यांचं म्हणणं. कॅलिफोर्नियाच्या मते ते नंतर गेले. भांडण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात तीनदा पोहोचलं: २००३, २०१६ आणि २०१९. शेवटी ५ विरुद्ध ४ असा निकाल लागला, की एका राज्यावर त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्या राज्याच्या कोर्टात खटला भरता येत नाही. म्हणजे राज्य तुमचा पाठलाग नव्या घरापर्यंत करू शकतं, पण तुम्ही त्याला नव्या घरच्या कोर्टात खेचू शकत नाही. तक्रार घेऊन त्याच्याच दारात जायचं. म्हणून ते ६० दिवस सोन्याचे.

मी ५१व्या दिवशी पाकीट पाठवलं. दोन्ही घरांचे भाडेकरार, टेक्सासचं लायसन्स, एच-वन-बीच्या सुधारित अर्जाची मंजुरी, दुरुस्त डब्ल्यू-टू आणि कामाच्या जागेच्या तारखा लिहिलेलं कंपनीचं पत्र. सर्टिफाइड मेलने, पोचपावतीसह. चार महिन्यांनी उत्तर आलं. देय रक्कम शून्य. चूक झाली असं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मी ते पत्र ग्रुपवर टाकलं. रात्री दादाचा वेगळा मेसेज आला. चार वर्षांपूर्वी त्यालाही असंच बिल आलं होतं. १,९०० डॉलर. त्याने भरून टाकले होते.

"कोणते कागद लावलेस ते पाठव ना," त्याने लिहिलं होतं, "बायकोच्या नावाने एक आलंय."