शांतता, फक्त तीन ओळींत

वीकेण्डला 'थोडी शांतता हवी यार' म्हणत आपण महाबळेश्वर गाठतो. मिळतं काय? वेण्णा लेकवर गाड्यांची रांग, मक्याचं कणीस आणि शेजारच्या गाडीतला ढॅणढॅण स्टिरिओ!

माझा साधा फंडा सांगते. पाचगणीजवळच्या भिलारला वळा. स्ट्रॉबेरीचं हे गाव ४ मे २०१७ला 'पुस्तकांचं गाव' झालं. गावकऱ्यांनी घरातल्या खोल्या पुस्तकांना दिल्या. सुरुवातीलाच २५ ठिकाणी मिळून सुमारे १५ हजार पुस्तकं होती. आत जायचं, बसायचं, वाचायचं. तिकीटबिकीट काही नाही.

तिथे हायकू शोधा. मूळ जपानी हायकू म्हणजे तीन ओळी, ५-७-५. बस्स! शिरीष पै यांनी तो मराठीत रुजवला. एखादं पाखरू, एखादी सर... आणि संपलंसुद्धा. पण एकट्याने वाचू नका. ग्रुपमधल्या प्रत्येकाने एकेक मोठ्याने वाचायचा. मग मिनिटभर कुणीच बोलायचं नाही. ते मिनिट जाम अवघड जातं, बरं का!

याच महाबळेश्वरात २००९चं साहित्य संमेलन अध्यक्षांविना पार पडलं. 'संतसूर्य तुकाराम' कादंबरीच्या वादात आनंद यादवांनी पद सोडलं होतं. शब्दांवरून भांडायला आपल्याला वेळ लागत नाही. ऐकून घ्यायला मात्र सराव लागतो.

तीन ओळी संपेपर्यंत समोरच्याला मध्येच न तोडणं, माझ्या मते शांतता इथून सुरू होते. सोमवारच्या मीटिंगमध्येही ट्राय करा!