कबोंबा विकणाराच म्हणतोय, बंदी घाला

ठाण्यात मी फिशटँक बसवून देतो आणि पुढे त्यांची देखभालही करतो. दातांचे दवाखाने, सीएंची ऑफिसं, सोसायट्यांच्या लॉबी, अशी सगळी गिऱ्हाइकं. टँक साफ करून झाला की छाटलेल्या वनस्पतींची बादली उरते आणि ती पाहून कोणीतरी हमखास म्हणतं, “अहो, कचऱ्यात कशाला टाकताय? जिवंत आहे ना ते? मासुंदा तलावात सोडून द्या की!” बोलणाऱ्याच्या मनात दयाच असते. या शहरात तलाव कधी फार लांब नसतो, आणि जिवंत वस्तू पाण्यात सोडली की पुण्य लागतं हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं आहे. त्या बादलीत पुष्कळदा कबोंबा असतो.

नाव ठाऊक नसलं तरी तुम्ही तो पाहिलेला आहे. कोथिंबिरीच्या जुडीसारखा बांधून, बुडाला शिशाची पट्टी गुंडाळून दुकानातल्या टाकीत उभा केलेला असतो. पाण्यात त्याची केसाइतकी बारीक चिरलेली पानं छान पसरतात. बाहेर काढलं की बोटांना लगदा चिकटतो. जुडी सोडवताना जरा निरखून बघा. पानांच्या जोडीच्या बेचक्यातून दोऱ्याएवढं पांढरं मूळ फुटलेलं असतं, माती न लागताच. म्हणजे काडी मोडली, आणि तुकड्याला पानांची एखादी जोडी शाबूत राहिली, की त्याचं नवं झाड व्हायला मोकळं. बी धरलं नाही तरी काही अडत नाही.

ही मूळची अमेरिका खंडातली मंडळी. औब्ले या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १७७५ मध्ये फ्रेंच गयानातल्या झाडांवरून कबोंबा हे शास्त्रीय नाव दिलं. आपल्याकडे हिरवा कबोंबा विकला जातो आणि लालही. लाल महाग, आणि त्याचे नखरेही फार. भरपूर उजेड हवा, नाहीतर घरगुती टँकमध्ये काही आठवड्यांत विरघळायला लागतो. मग गिऱ्हाईक वैतागून उरलेल्या काड्या फेकून देतं.

हाच नाजूक लाल कबोंबा केरळात काय करतो ते २०२० च्या नोव्हेंबरात साऱ्या देशाने पाहिलं. कोळिकोड जिल्ह्यात पेरांब्राजवळच्या आवळपांडी इथला भातशेतीतला कालवा गुलाबी फुलांनी असा भरला की पाणी दिसेना. फोटो फिरले आणि कोविडच्या दिवसांतही बघ्यांची रांग लागली. कोणी फुलं खुडून नेली, कोणी रोपंच उपटून. अभ्यासक ओरडून सांगत होते की हे संकट आहे, पण सेल्फी काढणाऱ्याला कोण अडवणार? फुलांखाली काय चाललं होतं ते फोटोत येत नव्हतं. गच्च वाढीने पाण्याचा प्रवाह तुंबतो, तळाशी उजेड पोचत नाही, स्थानिक पाणवनस्पती मरतात आणि सगळा पाला कुजायला लागला की पाण्यातला प्राणवायू संपतो. तिथल्या शेतकऱ्याला ते फूल गोड कसं वाटावं?

ऑस्ट्रेलियाने हे आधी भोगलंय. तिथेही हिरवा कबोंबा मत्स्यालयाच्या धंद्यातूनच शिरला. २००४ मध्ये तो उत्तरेकडच्या डार्विन नदीत सापडल्यावर नदीचा तेवढा पट्टा बंद करून तणनाशक वापरावं लागलं. यंत्राने कापायला जावं तर तुकडे होतात, आणि तुकडे म्हणजे नवी लागवडच. ऑस्ट्रेलियाने त्याला राष्ट्रीय महत्त्वाच्या तणांच्या यादीत टाकलं. युरोपीय संघाने २०१६ च्या आपल्या पहिल्याच आक्रमक प्रजातींच्या यादीत हिरव्या कबोंबाचं नाव घातलं. तिथे तो आता विकता येत नाही.

आपण तरी दुसऱ्यांकडे कशाला बघायचं? जलपर्णीही सुंदर जांभळ्या फुलांसाठीच बंगालात आणली गेली. १९३६ मध्ये तिच्याविरुद्ध बंगालला स्वतंत्र कायदा करावा लागला. आज पवना, इंद्रायणी आणि पवई तलावातून ती उपसण्यात दरवर्षी करदात्यांचा पैसा जातो. उजनी धरणात मच्छीमारांच्या जाळ्यात सकर मासा येतो, तोही कोणाच्या तरी काचेच्या टाकीतूनच सुटलेला. जलपर्णी निदान पाण्यावर तरंगते, नजरेला पडते. कबोंबा पाण्याखाली वाढतो, फुलं वर येईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून मी माझ्या धंद्याच्या विरोधात वाटेल असं बोलतोय. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीने ६२अ हे कलम आलं, आणि १ एप्रिल २०२३ पासून ते लागू झालं. परक्या आक्रमक प्रजातींची आयात, विक्री, बाळगणं यावर बंदी घालायचा अधिकार त्याने केंद्र सरकारला दिला. त्याखाली कबोंबाचं नाव घालून अधिसूचना काढा. धंद्यातले काही भाऊबंद म्हणतील, पोटावर पाय आणतोस. काही येत नाही! आमच्याकडे अँबुलिया आहेच. दिसायला जवळपास तसाच, फक्त पानं जोडीने न येता काडीभोवती गोल येतात, आणि तो आपल्या देशातलाच आहे. त्याची भावंडं कोकणातल्या भातखाचरांत उगवतात. पान चुरगाळलं तर उग्र वास येतो. सरळ वाढतो, स्वस्त आहे, आणि नखरे लाल कबोंबाहून कितीतरी कमी. गिऱ्हाइकाला हिरवं काहीतरी डुलताना दिसलं की झालं, त्याला कुठे कुळी विचारायची असते? तरीही सांगून ठेवतो, अँबुलियाही तलावात सोडायचा नाही. टाकीतलं पाणी, गोगलगाई, त्यांची अंडी, सगळंच त्याच्याबरोबर जातं.

अधिसूचना निघेल तेव्हा निघेल. तोवर घरी टँक असेल तर एवढं करा. छाटलेली काडी गॅलरीत वर्तमानपत्रावर पसरून कडक उन्हात कुरकुरीत होईपर्यंत वाळवा आणि मग ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाका. टाकीचं पाणी कुंड्यांना घाला, झाडं खूश होतात. टँकच नकोसा झाला असेल तर मासे आणि वनस्पती दुकानात परत घेऊन या. बरेचसे दुकानदार ठेवून घेतात, मी तर घेतोच.