बाईनेही स्थळ पाहावे

मुलीसाठी स्थळ पाहायला निघालेला बाप आपल्याकडे काय काय विचारीत नाही? घर स्वतःचे की भाड्याचे, सासू कशी, नणंदा किती, मुलगा सुपारी तरी खातो का! मात्र ज्या घरात एखादी बाई रोज नऊ-दहा तास तान्हे मूल सांभाळायला जाणार, त्या घराची चौकशी तिने करावी, हे कोणाच्या गावीही नसते. चौकशी होते ती तिचीच. आधारकार्ड दाखव, आधीचे काम का सोडलेस, नवरा पितो का? आणि प्रश्नांची ही फैर झाडून झाल्यावर, “आता तुम्हांला काही विचारायचे आहे का?” असे म्हणणारी गृहिणी जळगावच्या महाबळ कॉलनीत काय किंवा धुळ्याच्या देवपुरात काय, विरळाच.

वास्तविक गरज दोन्ही बाजूंना आहे. नवराबायको दोघे नोकरीवर, आजी गावाकडे शेत धरून बसलेली. तेव्हा बाईवाचून घर चालत नाही. “चांगली बाई मिळत नाही हो,” ही तक्रार आपण रोज ऐकतो. चांगले घर मिळत नाही, ही बायांची तक्रार ऐकायला मात्र जरा जिन्याखाली थांबावे लागते.

घर पारखायचे तर सुरुवात घराबाहेरून करावी. वॉचमन आणि शेजारची भांडीवाली ही दोन वर्तमानपत्रे रोज ताजी असतात. या घरात आधी कोण होती, किती दिवस टिकली, जाताना पगार पुरता मिळाला का, एवढे त्यांच्याकडून कळते. वर्षात तीन बाया बदलल्या असतील, तर तिन्ही बाया वाईट निघाल्या असे मानायला मन फारच भाबडे हवे. जमल्यास आधीच्या बाईलाच गाठावे. मूल कसे आहे हे ती सांगेलच. पण मूल पडले, गुडघा फुटला, त्या दिवशी घरातली माणसे कशी वागली, हे तिला जरूर विचारावे. घराची खरी ओळख त्या एका दिवशी होते.

आत गेल्यावर चहा येईल. तो कोणत्या कपातून येतो, हे पाहावे. खिडकीत पालथा ठेवलेला कान तुटका कप खाली उतरला, तर पुढचे पुष्कळसे न विचारता समजते. आपल्याकडे बाईला ‘मावशी’ म्हणण्याची गोड पद्धत आहे. सख्खी मावशी आली की तिला खुर्ची मिळते. ही मावशी फरशीवर बसते. हाक गोड असली म्हणून पगाराची तारीख ठरवायची राहू नये.

कामाची गोष्ट तर उघड बोललीच पाहिजे. ‘फक्त बाळ सांभाळायचे’ असे म्हणून काम सुरू होते. पंधरा दिवसांनी बाळाचे कपडे येतात, मग सगळ्यांचे कपडे, मग चार भांडी. आणि खानदेशात उन्हाळा लागला की गच्चीवर पापड-बिबड्यांचा घाट! मूल कडेवर घेऊन बिबडे थापणारी बाई ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. ठरल्याबाहेरच्या कामाचे वेगळे पैसे मिळतील का, हे पहिल्याच दिवशी विचारावे. सुट्टीचेही तसेच. आखाजीला माहेरी जायचे असते, श्रावणात कानबाई असते. तेव्हा ‘बघू’ हे उत्तर पुरे समजू नये. आणि हुकूम कोणाचा मानायचा? आई म्हणते बाळाला बिस्किट देऊ नका, आजी म्हणते द्या. मार खायला मध्ये बाईच. औषध कोणी द्यायचे, ताप आला तर फोन कोणाला करायचा, हे घरच्यांनी तिच्यादेखत ठरवावे.

जळगाव सोन्याचे गाव. कपाटाच्या किल्ल्या आणि बांगड्या टेबलावर पडलेल्या दिसल्या, तर “ताई, हे आधी कुलपात ठेवा,” असे बाईने बेधडक म्हणावे. एक अंगठी सापडेनाशी झाली की पहिली नजर कोणाकडे वळते, हे आपण जाणतोच. ती अंगठी चार दिवसांनी गादीखाली सापडते. पण तोवर बाईचे नाव कॉलनीभर झालेले असते. घरात कॅमेरा असेल तर तो कुठे कुठे आहे, हेही विचारावे. ती जिथे कपडे बदलते वा जेवते, तिथे तो कशाला?

हे सगळे विचारायला धीर लागतो, आणि एकटीला तो कमी पडतो. पुण्यातल्या मोलकरणींनी 1980 साली संप केला, तेव्हा एकेकटीला न सुचणाऱ्या गोष्टी त्यांना एकत्र बोलता आल्या. पुढे 2008 साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. 18 ते 60 वर्षांच्या बाईला मंडळात नोंदणी करता येते, आणि तिथे काम देणाऱ्याचा दाखला लागतो. “दाखल्यावर सही कराल ना?” हा प्रश्न विचारून पाहावा, भल्याभल्यांचे चेहरे तिथे बदलतात. 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात घरकाम करणारी बाईही येते. तिची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. आणि ‘बाळाला खेळवायला’ म्हणून खेड्यातून दहा-बारा वर्षांची पोर आणण्याची हौस कोणाला अजून असेल, तर 14 वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवण्यास 10 ऑक्टोबर 2006 पासून बंदी आहे, एवढेच सांगतो.

पहिले आठ दिवस पगारी कसोटीचे ठेवावेत, दोघांनाही. आणखी एक प्रश्न उरतो. जूनमध्ये मूल बालवाडीत जाते, आणि त्याच संध्याकाळी “मावशी, उद्यापासून नका येऊ” असे सांगितले जाते. तेव्हा महिनाभर आधी सांगाल का, हे विचारून घ्यावे. पण कामाच्या पहिल्या दिवशी हा प्रश्न जिभेवर येत नाही. त्या दिवशी मूल अजून तिच्या कडेवर यायलाच तयार नसते.