होळीची पोळी

फाल्गुन लागला की पळस फुलतो, आंब्याचा मोहोर दरवळू लागतो आणि मुले होळीसाठी गोवऱ्या गोळा करीत हिंडू लागतात. पौर्णिमेच्या संध्याकाळी होळी पेटते. तिला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवितात. हा आनंद सर्वांचा, असे म्हणण्याची रीत आहे. पण स्वयंपाकघरात जरा डोकावून पाहावे!

आई दुपारीच हरभऱ्याची डाळ शिजत घालते. मग आमटीसाठी कट काढून ठेवणे, डाळीत गूळ घालून पुरण आटविणे आणि ते गरम असतानाच वाटणे. कारण निवलेले पुरण घट्ट होऊन बसते. त्यानंतर कणीक तिंबावयाची, पोळ्या लाटावयाच्या, भाजावयाच्या. बाहेर ऊन, आत शेगडीची धग. "आणखी एक पोळी!" अशा हाका येत राहतात, आणि ती शेवटी जेवावयास बसते तेव्हा तुपाचे भांडे बहुधा रिकामे असते.

यास परंपरा म्हणणे सोयीचे आहे, न्याय्य नाही. पुरणयंत्राचा दांडा फिरविण्याइतके बळ बारा वर्षांच्या मुलाच्या हातात असते. दुसऱ्या दिवशी धुळवडीत तोच हात किती चालतो! पाने मांडणे, वाढणे, भांडी घासणे ही कामे मुलगा-मुलगी असा भेद जाणत नाहीत. आईचे पान सर्वांबरोबर मांडले, तर शेवटच्या पोळ्या थोड्या निवतील, एवढेच.