कागदावरचें सैन्य

विद्यार्थ्यांच्या वह्यांच्या मागील पानांवर पुष्कळ वेळां एखादें काल्पनिक राष्ट्र आमच्या दृष्टीस पडतें. त्याचा नकाशा असतो, ध्वज असतो, आणि सर्वांत अधिक परिश्रमानें तयार केलेली लष्कराची यादी असते: रणगाडे इतके, विमानें इतकीं, पाणबुड्या इतक्या. यंदां अशी एक वही आम्हीं जप्त न करतां वाचली. यादी नामी होती. परंतु तींत एकही वैद्य नव्हता, आचारी नव्हता, आणि हें सैन्य कोणाच्या हुकुमानें चालणार याचा उल्लेखही नव्हता. "तुझे शिपाई मुळचे कोण?" असें आम्हीं वहीच्या धन्यास विचारलें. त्याला उत्तर सुचेना. हा दोष त्याचा नव्हे. तो प्रश्न आम्हां वडील मंडळींनीं त्यास कधीं विचारलाच नव्हता.

काल्पनिक सैन्य रचणें हा केवळ पोरखेळ नाहीं. डब्लिन येथील सेंट पॅट्रिक कॅथीड्रलचे डीन जोनाथन स्विफ्ट यांनीं १७२६ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'गलिव्हरचा प्रवास' या ग्रंथांत अशीं दोन सैन्यें उभीं केलीं आहेत. मुलें पहिल्या सैन्याची गंमत वाचतात व दुसऱ्याकडे वळतही नाहींत.

पहिलें सैन्य लिलिपुटचें. माणसें सहा इंच उंचीचीं, पण डौल केवढा! गलिव्हरला पाय फांकून उभें करून त्याच्या पायांमधून ३,००० पायदळ व १,००० घोडदळ निशाणें फडकवीत, नगारे वाजवीत जातें. पायदळाच्या रांगा चोविसांच्या, घोडदळाच्या सोळांच्या. सर्व कसें चोख! आणि युद्ध कशासाठीं? तर अंडें कोणत्या टोकानें फोडावें, या वादापायीं! ब्लेफुस्कूशीं जुंपलेल्या या लढाईंत लिलिपुटनें ४० मोठीं जहाजें आणि ३०,००० निवडक खलाशी व शिपाई गमावले. कवायतींत न्यून नव्हतें. विवेक मात्र सहा इंचांचाच होता.

दुसरें सैन्य ब्रॉब्डिंगनॅगच्या महाकाय लोकांचें. त्यांत १,७६,००० पायदळ व ३२,००० घोडदळ. पण शिपाई कोण? शहरांतील व्यापारी आणि खेड्यांतील शेतकरी. अधिकारी सरदार व जमीनदार. त्यांस पगार नाहीं कीं बक्षीस नाहीं. शेतकरी आपल्या जमीनदाराच्या हाताखालीं, आणि नागरिक मतानें निवडलेल्या शहरप्रमुखांच्या हाताखालीं. ज्या देशांत बाहेरून कोणी येऊंच शकत नाहीं, त्यास सैन्य कशाला, असें गलिव्हरला वाटलें. उत्तर असें मिळालें कीं, पूर्वीं सरदारांस सत्ता, प्रजेस स्वातंत्र्य व राजास अनिर्बंध अधिकार हवा असल्यामुळें तेथें यादवी माजत असे. विद्यमान राजाच्या आजोबांनीं तडजोड घडवून आणली, व तेव्हांपासून सर्वांच्या संमतीनें हें सैन्य चालत आलें. याच राजास गलिव्हरनें बंदुकीच्या दारूची कृति देऊं केली, तेव्हां तो शहारला व तिचें नांवही पुन्हां न काढण्याची त्यानें ताकीद दिली.

ही व्यवस्था निर्दोष आहे असें आमचें म्हणणें नाहीं. जें कूळ जमीनदाराच्याच हुकुमाखालीं उभें, तें त्याच्या अन्यायाविरुद्ध तोंड कसें उघडणार? परंतु सैन्य कोणाचें व कोणाच्या संमतीचें, हा प्रश्न तेथें विचारला तरी गेला. आपल्या संविधानानेंही संरक्षणदलांचें सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे देऊन त्याचा वापर कायद्यानें नियंत्रित केला आहे. राष्ट्राच्या घटनेंत जें कलम आवश्यक ठरलें, तें वहींतील राष्ट्रास नको काय?

त्या विद्यार्थ्यानें आतां यादींत दोन वैद्य घातले आहेत. हुकूम कोणाचा, हा रकाना अद्याप रिकामा आहे. त्यावर तो विचार करीत आहे, आणि आम्हांस घाई नाहीं.

पालकांस आमची विनंती कीं, अशी वही घरीं सांपडल्यास ती फाडूं नये. मुलाजवळ बसून ती वाचावी. आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्ही खुशाल सैन्य उभारा. मात्र पहिला रणगाडा काढण्यापूर्वीं इतकें लिहा: शिपाई कोणाचे पुत्र, त्यांस हुकूम देणारा कोण, आणि त्या हुकूम देणाऱ्यास 'थांब' म्हणण्याचा अधिकार कोणास? या तीन ओळी लिहितां आल्या, तर पुढें मोठेपणीं खऱ्या राष्ट्राचा कारभार तुमच्या हातीं सोंपवितांना आम्हांस भय वाटणार नाहीं.